हरणाऱ्यांच्या सामन्यावरची चिठ्ठी

फोर्ट इरी हे ओंटारियोतलं नायगरा नदीकाठचं छोटं गाव. पीस ब्रिज ओलांडला की पलीकडे अमेरिकेतलं बफेलो. त्यामुळे देश कॅनडा असला तरी इथल्या कितीतरी घरांत आइस हॉकीत टोरोंटोच्या लीफ्स संघापेक्षा बफेलोच्या सेबर्सवर जीव जास्त. मी तेव्हा तिथल्या एका कॉर्नर स्टोअरमध्ये संध्याकाळच्या पाळीला काउंटरवर असायचे. दूध, ब्रेड, सिगारेट आणि ओएलजीचं, म्हणजे ओंटारियोच्या सरकारी लॉटरीचं मशीन. त्याच मशीनमधून प्रो-लाइनच्या, म्हणजे खेळांवरच्या पैजेच्या चिठ्ठ्या निघत. गिऱ्हाइकानं कागदावर सामन्याचा नंबर शोधायचा, पाहुणा संघ जिंकेल असं वाटलं तर व्ही, यजमान वाटला तर एच रंगवायचा, आणि कागद माझ्या हातात द्यायचा.

एकट्या सामन्यावर मात्र पैज घेता येत नसे. कॅनडाच्या फौजदारी कायद्यातच तशी मनाई होती. दोन-तीन सामने एकत्र जोडावे लागत आणि त्यातला एक जरी चुकला तरी सगळे पैसे बुडत. तीन सामने निव्वळ नाणेफेकीसारखे धरले तरी तिन्ही बरोबर येण्याची शक्यता आठात एक, आणि आठपट पैसे काही कुणी देत नसे. हे गणित मी विचारणाऱ्याला सरळ सांगायचे. मालकाला ते फारसं रुचायचं नाही, पण त्यानं कधी अडवलंही नाही.

२६ मार्च २०१५, गुरुवार. त्या दिवशी मी कामावर आले तीच जागरणाचे डोळे घेऊन. विश्वचषकाची भारत-ऑस्ट्रेलिया सेमीफायनल सिडनीला होती, म्हणजे आमच्याकडे आदल्या रात्री साडेअकराला सुरू. स्मिथचं शतक, कोहली एका धावेवर बाद, आपला रहाणे ४४ वर गेला, आणि मॅक्सवेलच्या थेट फेकीनं धोनी धावबाद झाला तेव्हा बाहेर उजाडत होतं. ९५ धावांनी हरलो. नवरा एक शब्द न बोलता कामावर निघून गेला होता.

संध्याकाळी बफेलोत सेबर्स विरुद्ध ॲरिझोना कायोटीज असा सामना होता. एनएचएल या हॉकी लीगच्या तीस संघांतला शेवटून पहिला आणि शेवटून दुसरा. एरवी असल्या सामन्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण त्या वर्षी मॅकडेव्हिड होता. ओंटारियोतल्याच न्यूमार्केटचा अठरा वर्षांचा पोरगा, अशी गुणवत्ता एका पिढीत एखादीच दिसते असं सगळे म्हणत. जून महिन्याच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचा पहिला हक्क लॉटरीनं ठरणार होता, आणि तळाच्या संघाला त्या लॉटरीत सगळ्यात जास्त संधी: २० टक्के. शिवाय तळाचा संघ दुसऱ्या क्रमांकाच्या खाली घसरूच शकत नव्हता, आणि दुसऱ्या क्रमांकालाही जॅक आयकलसारखा मोहरा मिळणार होता. थोडक्यात, त्या रात्री जो हरेल त्याचा फायदा.

रोजच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारा होता. फोर्ट इरीला १८९७ पासून घोड्यांचा रेसकोर्स आहे; त्याची सगळी उमर तिथल्या तबेल्यांत गेली. सेबर्सचा सामना असला की आठवड्यातून एकदा तो पाच डॉलरची चिठ्ठी काढायचा, आणि बफेलोच्या नावापुढे एच ठरलेला. संघ कितीही रडत असो. त्या दिवशी तो कागद घेऊन दुधाच्या फ्रिजशेजारी बराच वेळ उभा राहिला. मग काउंटरवर आला. बफेलोच्या सामन्यासमोर व्ही रंगवलेला होता.

मी म्हटलं, "काका, चुकून भरलंत का?" त्यांच्या देशात काका म्हणायची रीत नाही, पण माझ्या तोंडात तेच होतं आणि त्याला ते आवडायचं.

"चुकून नाही," तो म्हणाला. "तबेल्यात आयुष्य गेलं माझं. जॉकीनं घोडा मुद्दाम मागे खेचला की स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, त्याला बोलावून घेतात, शर्यतीची फिल्म बघतात, दंड करतात, महिनोन्‌महिने घरी बसवतात. का? तर घोड्यावर लोकांनी पैसे लावलेले असतात. इथे तर मालकच घोडा खेचतोय आणि त्याला बक्षीस मिळणार आहे."

तो उगाच बोलत नव्हता. बफेलोनं फेब्रुवारीत आपला गोलकीपर एनरॉथ डॅलसला दिला होता आणि मार्चच्या सुरुवातीला दुसरा गोलकीपर नॉयव्हर्थ आयलँडर्सला. दोघंही चांगले खेळत होते. ॲरिझोनानंही यँडल आणि व्हर्मेटला बाहेरचा रस्ता दाखवला होता. बर्फावर उतरणारा एकही खेळाडू मुद्दाम हरत नव्हता हे मात्र खरं. त्यांना पुढच्या करारासाठी, पोटासाठी खेळायचं होतं. हरण्याची सोय वर ऑफिसात झाली होती.

पैजेचा घोळ इथेच होता. म्हाताऱ्याच्या मागे रांगेत ट्रक चालवणारा एक मुलगा उभा होता. तो म्हणाला, "बफेलोला हरायचंय म्हणून तुम्ही ॲरिझोना घेता. पण ॲरिझोनालाही हरायचंच आहे की!" त्याच्या दृष्टीनं दोन्ही बाजूंना सारखंच वजन होतं, म्हणून त्यानं घरचा संघ धरला. म्हाताऱ्याचं उत्तर तयार होतं: घरचं मैदान कामी येतं ते घरच्या लोकांमुळे; आज घरचे लोक कुणाच्या बाजूनं ओरडतात ते ऐक. मुलगा हसला आणि दहा डॉलर देऊन गेला.

पैज लावताना माणसं भाव, म्हणजे जिंकल्यावर किती पट मिळणार ते बघतात, जखमी कोण ते बघतात, आज गोलमध्ये कोण उभा राहणार याची सकाळपासून वाट बघतात. हॉकीत एकटा गोलकीपर सामना फिरवतो, त्यामुळे त्यात अर्थ आहे. पण प्रेक्षागृह कुणाकडून आहे हा प्रश्न घरच्या सामन्यात कधी पडतच नाही. त्या रात्री तो पडला.

काउंटरमागच्या रेडिओवर डब्ल्यूजीआर ५५० हे बफेलोचं स्टेशन लावलेलं होतं. गिऱ्हाइकं येत-जात होती, मी निम्मं ऐकत होते. मध्येच मोठा जल्लोष झाला. मला वाटलं बफेलोनं गोल केला. गोल ॲरिझोनाचा होता. मी आवाज वाढवला. निवेदकाच्या आवाजात उत्साह नव्हता, पण त्याच्या मागे लोक टाळ्या वाजवत होते हे स्वच्छ ऐकू येत होतं. पेट्रोलचे पैसे द्यायला आलेली एक बाई, अंगात सेबर्सचा निळा जर्सी, पाकीट तसंच हातात धरून उभी राहिली. तिला आनंद झाला होता आणि तो लपवावा की नाही हे तिला कळत नव्हतं.

सामना तीन-तीन असा बरोबरीत ओव्हरटाइममध्ये गेला. तिथे सॅम गान्येनं, ओंटारियोतल्याच लंडनच्या मुलानं, ॲरिझोनासाठी विजयी गोल मारला आणि बफेलोच्या स्टेडियममध्ये बफेलोच्या लोकांनी हरल्याचा जल्लोष केला. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो चांगला नव्हता. त्याच दिवशी पहाटे मी सोफ्यावर बसून धोनीची बॅट क्रीझपर्यंत पोचावी म्हणून जीव मुठीत धरला होता. आपला माणूस धावबाद झाल्यावर कुणी टाळ्या वाजवेल ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. पण या लोकांना मी ओळखत होते. उन्हापावसात, उणे पंधरात पूल ओलांडून सामन्याला जाणारी माणसं होती ती. त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं. कुणीतरी त्या प्रेमाची दिशाच उलटी करून ठेवली होती. मला राग आला तो तशी सोय करणाऱ्या नियमाचा.

दुसऱ्या दिवशी म्हातारा चिठ्ठी घेऊन आला. मागे नियमाप्रमाणे सही केलेली. मशीननं नाही म्हटलं. बफेलोचा सामना त्यानं बरोबर ओळखला होता, पण जोडीच्या दुसऱ्या सामन्यानं घात केला. पैशांबद्दल तो काहीच बोलला नाही. वर्तमानपत्रात सेबर्सचा बचावपटू माइक वेबर चाहत्यांवर भडकल्याची बातमी होती: ॲरिझोनाच्या पहिल्याच गोलला आपलेच लोक ओरडले याचं त्याला फार लागलं होतं. म्हातारा ती बातमी बोटानं दाखवत म्हणाला, "हा पोरगा बरोबर आहे. आणि मी काल याच्याच विरुद्ध पैसे लावले."

"तुमचा हिशोब चुकला नव्हता," मी म्हटलं.

"हिशोब नव्हता चुकला," तो म्हणाला, आणि चिठ्ठी फाडून कचऱ्यात टाकली.

मोसम संपला तेव्हा बफेलो ५४ गुणांवर तळाला, ॲरिझोना ५६ वर. बफेलोचे प्रशिक्षक टेड नोलन यांची नोकरी गेली. १८ एप्रिलला लॉटरी निघाली आणि शेवटून तिसऱ्या एडमंटनला, साडेअकरा टक्के संधी असलेल्याला, मॅकडेव्हिड मिळाला. बफेलोला आयकल. पुढच्याच वर्षापासून २०२० पर्यंत पहिले तीनही क्रमांक लॉटरीनं ठरत, म्हणजे तळाचा संघ चौथ्यापर्यंत घसरू शकत होता. एवढं तरी झालं. पण ऑगस्ट २०२१ पासून कॅनडात एकट्या सामन्यावर पैज कायदेशीर आहे, एप्रिल २०२२ पासून ओंटारियोत खासगी कंपन्याही आल्या, आणि मार्च-एप्रिलमधल्या तळाच्या संघांच्या सामन्यांचेही भाव फोनवर निघतात. मला हे पटत नाही. जिथे हरणाऱ्याला फायदा आहे तिथे पैज घेऊ नये, आणि घ्यायचीच असेल तर तो फायदा भावाशेजारी ठळक लिहावा.

त्याच २०१५ च्या ऑक्टोबरात नवा मोसम घरच्या मैदानावर ओटावाविरुद्ध सुरू झाला. म्हाताऱ्यानं कागद भरला, सेबर्सपुढे एच. आयकलनं पहिल्याच सामन्यात गोल केला, सेबर्स हरले, चिठ्ठी गेली. दुसऱ्या दिवशी तो सिगारेट घ्यायला आला तेव्हा दोन गिऱ्हाइकं खोळंबली तरी त्या गोलाचंच वर्णन करत होता.