डॉक्टरला डॉक्टर कशाला?

"तुमी त सोताच डाक्टर, मंग तुमाले दुसरा डाक्टर कायले पायजे?" ओपीडीत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं सांगतो: मला माझी पाठ दिसत नाही.

विनोद नाही हा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे दिसणारा स्क्रब टायफस हा ताप घ्या. गवतातल्या माइट या बारीक किड्याची अळी चावून होतो. चावल्या जागी काळी खपली धरते, सिगारेटने डागल्यासारखी. ती दुखत नाही. काखेत, जांघेत, पायजम्याच्या नाडीखाली, कमरेच्या मागे. पेशंटचा सदरा आपण वर करून बघतो. स्वतःला ताप आला की?

दोन दिवस पॅरासिटामॉल ६५० आणि ओपीडी सुरूच. तिसऱ्या दिवशी कंपाउंडरकडून रक्त काढवायचं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, प्लेटलेट ९० हजार; म्हणजे व्हायरल. चौथ्या दिवशी सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक, १ ग्रॅम दोनदा. कंपाउंडर कशाला आडवा येईल? पेशींच्या आत दडलेल्या या जंतूवर ते इंजेक्शन चालतच नाही, पण डॉक्टरला वाटतं, उपचार सुरू आहेत. असे आठ दिवस जातात. मग डोळे पिवळे, लघवी कमी, बोलताना धाप. नागपूरला न्यायला गाडीत घालताना कुणीतरी शर्ट सारखा करतं, तेव्हा खपली दिसते. यावरचं औषध डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम दोनदा, वेळेत सुरू केलं तर ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. रिपोर्टसाठी थांबायचं नाही, पहिल्या आठवड्यात आयजीएम, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचा रिपोर्ट, निगेटिव्ह येऊ शकतो. हे सगळं त्या डॉक्टरला पाठ असतं. पाठ तेवढी पाहिलेली नसते.

"वेळ कुठे आहे, फिजिशियन ७० किलोमीटरवर!" हे मीच पूर्वी ठासून सांगायचो. खोटं नव्हतं ते. पण खपली बघायला फिजिशियन लागत नाही, पीएचसीतला नवा एमबीबीएस पोरगाही पुरतो. त्याच्यापुढे शर्ट काढावा लागतो, अडतं ते तिथे.

सर्दीसाठी मी कुणाकडे जात नाही, जाणारही नाही. आणि बीपी? टेल्मिसार्टन ४० ची ८० माझी मीच केलीय. डोस वाढवला की दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासा, असं तुम्हाला बजावतो, माझं राहिलंय. मशीन तीनदा लावतो आणि सगळ्यात कमी आकडा वहीत लिहितो.