आमची वाटचाल : वेबच्या आधीची पानं

ऑनलाइन बातमी वेबबरोबर जन्मली असं सर्रास लिहिलं जातं, आणि ते वाचून आम्हाला राग येतो. ब्रिटिश पोस्ट ऑफिसची प्रेस्टेल सेवा १९७९ मध्ये सुरू झाली : पानाचा क्रमांक दाबायचा, की फोनच्या तारेवरून ते मजकुराचं पान टीव्हीसारख्या सेटवर उमटायचं. बर्मिंगहॅमच्या पोस्ट अँड मेलनं तिच्यावर ‘व्ह्यूटेल २०२’ हे अख्खं वर्तमानपत्र चालवलं. अमेरिकेत कोलंबस डिस्पॅच जुलै १९८० मध्ये कॉम्प्युसर्व्ह या संगणक सेवेवर आलं. आमची प्रेस्टेलवरची फर्म लहान, लंडनच्या वेम्ब्लीतल्या एका दुकानाच्या माळ्यावरची, पण काम तेच : भारताच्या बातम्या, क्रिकेटचा स्कोअर, मुंबईच्या विमानांची भाडी.

आम्ही दोघे भागीदार, मी दादरचा, तो सांगलीचा. प्रेस्टेलला माहिती देणारा स्वतंत्र पुरवठादार होण्याची ऐपत नव्हती, म्हणून एका मोठ्या पुरवठादाराकडून पानं भाड्यानं घेतली आणि संपादनाचा कीबोर्ड जुना विकत घेतला.

पान ४० घरं रुंद, २४ ओळींचं. वरची ओळ नाव, क्रमांक आणि पान बघण्याच्या किमतीची, तळाची यंत्रणेच्या निरोपांची. आपल्या हाती २२. रंग बदलायचा तर त्यातही एक घर जायचं. १२०० बॉडनं, म्हणजे सेकंदाला साधारण १२० अक्षरांच्या वेगानं, भरलेलं पान उमटायला आठ सेकंद लागत. अक्षरं सेटमधल्या चिपमध्येच पक्की, देवनागरी नाहीच. तरी माझ्या भागीदारानं दोन बाय तीनच्या ठोकळ्यांतून ‘शुभ दीपावली’ रचलं. शिरोरेषा झोकात यायची, वेलांट्यांनी रात्र खाल्ली. आज वेबसाइटसाठी लिहिणाऱ्या मुलांनी महिनाभर ३८ अक्षरांत मथळे लिहून बघावेत. पाल्हाळ आपोआप गळतं.

१८ जून १९८३. टनब्रिज वेल्सला भारत–झिम्बाब्वे सामना, टीव्हीवर चित्रण नाही. भागीदार मैदानाजवळच्या फोन बूथमध्ये दहा पेन्सची नाणी घेऊन गेला. ५ बाद १७ हा आकडा त्यानं मला दोनदा सांगितला, कारण मी विश्वास ठेवत नव्हतो. मग कपिल देव नाबाद १७५, भारत ८ बाद २६६, आणि दर फोनला मी पान नव्यानं चढवतोय. आमचं सर्वात जुनं गिऱ्हाईक म्हणजे इलिंग रोडवरचे एक गुजराती ट्रॅव्हल एजंट. सहलींचं बुकिंग व्ह्यूडेटावर, म्हणजे प्रेस्टेलसारख्या फोनवरच्या पानांवर, व्हायला लागलं होतं, म्हणून त्यांच्याकडे सेट होता. त्या दिवशी शेठनी तो काउंटरवर गिऱ्हाइकांकडे वळवला आणि संध्याकाळपर्यंत तिकीट एकही विकलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्यावर घाला आला. पुरवठादारानं आधी भाडं वाढवलं, आणि आम्ही हुज्जत घातली तशी आमचा पान क्रमांक दुसऱ्या फर्मला दिला. त्या फर्मनं आमचीच मांडणी उचलली, तेच रंग, भाड्यांच्या तक्त्याचा क्रमही तोच. दुकानादुकानांत आमची कार्डं लागलेली, त्यांवर तो क्रमांक छापलेला. लोक सवयीनं तोच दाबायचे आणि आमचंच पान समजून त्यांचं वाचायचे. पानाचे पैसे त्यांच्या खात्यात जायचे. वकिलानं सांगितलं, करारात क्रमांकाचा हक्क भाडेकरूला नाही. चाळीस वर्षं झाली, अजून सलतं. म्हणून कुणी धंदा काढला की मी न विचारता सांगतो : पत्ता स्वतःच्या नावावर घ्या, डोमेन असो की फोन नंबर; भाड्याच्या पाटीवर नाव कमवू नका.

शेठनी वर्षभराचं भाडं आगाऊ दिलं, कागद न करता. दुसऱ्या पुरवठादाराकडे पानं मिळाली. नवा क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून त्यांनी ओळखीच्या प्रत्येक एजंटाच्या सेटला स्वतः चिकटवला. “तुमचा स्कोअर खरा असतो,” एवढंच म्हणाले. फर्म वाचली ती त्यांच्यामुळे.

नंतरची वर्षं ठीक गेली. प्रेस्टेलचे ग्राहक ९०,००० च्या आसपासच अडकले. टीव्हीच्या प्रक्षेपणाबरोबरच येणारी बीबीसीची सीफॅक्स ही मजकुराची पानं फुकट दिसत असताना पानामागे पैसे कोण मोजणार? वेब आल्यावर आम्ही तिकडे वळलो, आज भागीदाराची मुलगी फर्म सांभाळते.

आमच्याकडे त्या काळातलं एकही पान नाही. नवी आवृत्ती चढली की जुनी पुसली जायची, आणि चुंबकीय फिती जपून ठेवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. घरच्या मायक्रोवर, म्हणजे छोट्या संगणकावर, पानं उतरवून कॅसेटवर ठेवणारे हौशी लोक तेव्हा बरेच होते. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर ती फेकू नका, आम्हाला कळवा. १८ जूनचं पान मिळालं तर त्याची छापील प्रत शेठच्या मुलाला दुकानात लावायला हवी आहे.