एक खाच अलीकडे

वैमानिकांच्या सहा महिन्यांनी येणाऱ्या सिम्युलेटर चेकचा पेपर बहुधा आधीच फुटलेला असतो. कोणता एक्झामिनर कुठल्या टेकऑफला इंजिन बंद पाडतो, आग डावीकडे देतो की उजवीकडे, हे ग्रुपवर फिरत असतं. चेकच्या आदल्या दिवशी जे ट्रेनिंगचं सत्र असतं, त्यातही मग लोक उद्याचंच घोकतात. त्या संध्याकाळची जोडीही अशीच तयारीनिशी आली होती. मी मागे इन्स्ट्रक्टरच्या सीटवर, समोर एअरबस ए320चं कॉकपिट, बाहेर मुंबईची 27 धावपट्टी आणि बारीक पाऊस.

व्ही-वन, म्हणजे ज्यापुढे टेकऑफ सोडता येत नाही तो वेग, ओलांडताच डावं इंजिन बंद केलं. कॅप्टनचा उजवा पाय क्षणात रडरवर, नाक 12.5 अंशांवर, बीटा टार्गेट (रडर किती हवं ते दाखवणारी खूण) मधोमध, पॉझिटिव्ह क्लाइंब, गिअर अप (चाकं वर), 400 फुटांनंतर ईकॅमवरची बिघाडाची यादी. नाव ठेवायला जागा नव्हती. पण इंजिन जाण्याआधीच पाय ताठ झाला होता, हे मागून स्पष्ट दिसत होतं.

नंतर मी काहीही न बिघडवता साधा आयएलएस अॅप्रोच, म्हणजे रेडिओ सिग्नल धरून धावपट्टीकडे उतरणं, दिला. दोन्ही इंजिनं ठणठणीत, ऑटोपायलट लावलेला, फ्लॅप्स फुल, विमान हलकं, वेग 135 नॉटच्या आसपास. 900 फुटांवर टॉवर बनून मीच म्हणालो, "रनवे ऑक्युपाइड, गो अराउंड, क्लाइंब 3000." म्हणजे धावपट्टी मोकळी नाही, उतरणं सोडा आणि 3000 फुटांवर चढा.

"गो अराउंड, फ्लॅप्स!" कॅप्टनने थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले. पण ते टोगाच्या, म्हणजे पूर्ण ताकदीच्या, एक खाच अलीकडे, एफएलएक्स-एमसीटीवर थांबले.

हे होतं कसं, ते सांगतो. अॅप्रोचवर लिव्हर सीएलच्या (क्लाइंबच्या) खाचेत असतात. तिथून पुढे सरकवले की आधी एफएलएक्स-एमसीटीची खाच हाताला लागते आणि हात तिथेच अडतो. त्यात विमान हलकं, 3000 फूट जवळच. एवढी ताकद कशाला, असंही मन म्हणतं. प्रश्न ताकदीचा नसतोच. लिव्हर टोगाच्या खाचेत गेल्याशिवाय एअरबसचा संगणक गो अराउंड मोडमध्ये जात नाही. त्याच्या लेखी लँडिंगच चालू असतं.

एफएमएवर, म्हणजे चालू मोड दाखवणाऱ्या पट्टीवर, 'लोक' (लोकलायझर, धावपट्टीची दिशा) आणि 'ग्लाइडस्लोप' (उतरणीचा मार्ग) तसेच हिरवे होते. इंजिनं गरजली, पण ऑटोपायलट इमानेइतबारे ग्लाइडस्लोप धरून खाली निघाला आणि वेग वाढत गेला. को-पायलटने फ्लॅप्स 3 केले आणि हात गिअर लिव्हरवर नेऊन तो पॉझिटिव्ह क्लाइंबची वाट बघत बसला. क्लाइंब यायचाच नव्हता. साडेसहाशे फुटांच्या खाली गेल्यावर तो ओरडला, "एसआरएस नाही! टोगा, सर!" एसआरएस म्हणजे गो अराउंडमध्ये नाक वर धरणारा मोड.

लिव्हर पूर्ण पुढे गेले आणि नाक वर आलं. पुढचा गोंधळ मात्र अटळ होता. हलकं विमान पूर्ण ताकदीवर मिनिटाला चार हजार फुटांच्या वेगाने चढतं. चाकं उशिरा उचलली गेली, 'एलव्हीआर सीएलबी' (लिव्हर सीएलमध्ये आणा) लुकलुकत राहिलं आणि लिव्हर सीएलमध्ये यायच्या आत 3000 फुटांचं कॅप्चर, म्हणजे त्या उंचीवर सरळ होणं, सुरू झालं. नाक खाली, ताकद तशीच. फ्लॅप्स 3ची मर्यादा 185 नॉट; ओव्हरस्पीडची घंटा वाजायला वेळ लागला नाही.

डीब्रीफमध्ये कॅप्टन म्हणाले, "सर, हे सिलॅबसमध्ये कुठे होतं?"

गो अराउंड सिलॅबसमध्ये असतो, पण बहुतेकदा एका इंजिनावरचा, मिनिमावरून (उतरायचं की नाही हे ठरवायच्या उंचीवरून), सगळ्यांना ठाऊक असलेला. दोन्ही इंजिनांवरचा, अधल्यामधल्या उंचीवरचा कुणी घोकत नाही, कारण तो सोपा समजला जातो. 21 जुलै 2007 रोजी मेलबर्नला धुक्यात एका ए320चे लिव्हर असेच टोगाच्या अलीकडे राहिले. ते विमान जमिनीपासून 38 फुटांपर्यंत खाली आलं होतं. त्या कंपनीने प्रोसिजर बदलून एफएमए तपासण्याची पायरी पुढे ढकलली होती. मी हे सांगितल्यावर कॅप्टननी वही काढली. मला ते आवडलं. चिडून बसणारेही असतात.

वेळ उरला होता म्हणून पुन्हा आत गेलो. या वेळी फक्त गो अराउंड, वेगवेगळ्या उंचींवरून. क्रम एकच ठेवला: लिव्हर शेवटापर्यंत, 'मॅन टोगा, एसआरएस' मोठ्याने वाचायचं, मगच बाकीचं. पूर्ण ताकद नको असेल तर मोड लागल्याचं पाहून लिव्हर लगेच सीएलमध्ये आणायचे. त्यात गैर काही नाही. आणि विमान एफसीयूवर (ऑटोपायलटच्या पॅनेलवर) लावलेल्या उंचीवर किंवा तिच्याही वर असेल, तर टोगाला हातच लावायचा नाही. "कॅन्सल अॅप्रोच" म्हणायचं, अॅप्रोच मोड काढायचा, दिशा, उंची आणि वेग एफसीयूवरून घ्यायचा. हा शेवटचा प्रकार दोघांनी पुस्तकात वाचला होता, हाताने कधी केला नव्हता. पहिल्या खेपेला को-पायलटचा हात सवयीने लिव्हरकडे गेलाच. दुसऱ्या खेपेला तो एफसीयूवर गेला.

फॉर्मवर 'गो अराउंड, ऑल इंजिन्स' यापुढे फक्त एक चौकोन असतो, टिक करायला. मी टिक केली आणि शेऱ्यात को-पायलटच्या एसआरएसच्या कॉलबद्दल दोन ओळी लिहिल्या. उद्याच्या चेकला त्याचे गुण नव्हते.