तुम्ही विचारलंत म्हणून: सरड्याच्या तोंडी जाणाऱ्या रातकिड्यांची एवढी निगा कशाला?

कोथरूडच्या आमच्या घरी आलेल्या माणसाला आधी किर्रर्र ऐकू येतं, मग खिडकीजवळचे तीन मोठे प्लास्टिकचे डबे दिसतात, आणि मग प्रश्न येतो. परवा शेजारच्या काकूंनीही विचारलं, "अगं, शेवटी सरड्याच्याच तोंडी द्यायचेत ना? मग त्यांचं एवढं करायचं कशाला?" घाईत काहीतरी बोलून गेले, पण ते मलाच पटलं नाही.

आमचा पाळलेला सरडा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियातला. पिल्लू होता तेव्हा दिवसाला ४०-५० बारके रातकिडे फस्त करायचा. सुरुवातीला मी ते विकत आणायचे. डबी उघडली की निम्मे मेलेले, उरलेल्यांपैकी कित्येकांचे पाय गायब. उपाशी रातकिडे एकमेकांना खातात. आणि उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. आदल्या एक-दोन दिवसांत त्याने जे खाल्लं, तेच सरड्याला मिळतं. त्यातून रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. पिल्लाला कॅल्शियम पुरलं नाही की हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. कॅल्शियमची पूड बाहेरून लावता येते, रातकिड्याचं पोट मात्र आपणच भरावं लागतं. म्हणून घरी वाढवायला लागले.

मादीला मागे सुईसारखी अंडनलिका असते. ती ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, खुपसून मादी अंडी घालते, बारीक तांदळाच्या कणीसारखी. ३० अंशांच्या आसपास ऊब मिळाली तर १०-१२ दिवसांत पिल्लं बाहेर येतात, मुंगीपेक्षाही लहान. पाण्याच्या थेंबातसुद्धा बुडतात. म्हणून पाणी ठेवायचंच नाही. ओला स्पंज किंवा गाजराची चकती. पुढे सहा-आठ आठवड्यांत कात टाकत टाकत ती मोठी होतात. नुकती कात टाकलेला रातकिडा पांढराशुभ्र आणि मऊ असतो, काही तासांत रंग धरतो. त्या वेळी इतरांना प्रथिनं कमी पडत असली तर पहिला घास त्याचाच. कोंबड्यांचं खाद्य भरपूर ठेवलं आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले की प्रत्येकाला आडोसा मिळतो. पांढरा रातकिडा ट्रेच्या खाचेत बसलेला दिसला की मी त्या डब्याला हात लावत नाही.

पहिल्या वर्षी जुलैत चूक झाली. पाऊस थांबत नव्हता. त्यांना गारठा लागेल म्हणून मी झाकणाच्या जाळीवर प्लास्टिक टाकलं. आत दमट झालं, विष्ठा कुजली, अमोनियाचा वास डोळ्यांत गेला आणि दोन दिवसांत सगळा डबा मेला. त्यांना ऊब हवी, पण कोरडी हवाही हवी. तेव्हापासून पावसाळ्यात जाळी उघडीच असते, वर छोटा दिवा. डिसेंबरात रात्री पारा १०-१२ पर्यंत उतरतो, तेव्हा अंड्यांचा डबा स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, पूर्वी जाळीच्या कपाटाखाली ठेवायचे तशा. एकदा बाजारातली कोथिंबीर न धुता टाकली, तर सकाळी एकही जिवंत नव्हता; फवारणी झालेली असावी. आता सगळं आधी धुणं, गाजर असेल तर सालही काढणं. सोसायटीत डासांसाठी धूर मारायला आले की खिडक्या बंद करून डबे आतल्या खोलीत.

काकू, सरड्यासाठी सुरू केलं हे खरं. पण हे जीव माझ्यामुळे जन्माला येतात, आणि त्यांचे सहा-आठ आठवडे कोरड्यात, उबेत, पोटभर जावेत एवढं तरी माझ्याकडून व्हायला हवं. अंडी घालायला ठेवलेल्या जोड्या मी सरड्याला देतच नाही. त्या डब्यात आज चार म्हातारे नर उरलेत. त्यातला एक पंखावर पंख घासून अजून गातो; गारठा असला की सावकाश, दिवा लावला की भरभर.