ते पत्र आजीनं सांगितलं नव्हतं

दर १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, आणि आता तर लग्नकार्यातसुद्धा, कुणीतरी विचारतंच: आजीनं माझ्याकडून तात्यांना खोटं पत्र का लिहवून घेतलं? तात्या गेल्यावर त्यांची काळी ट्रंक उघडली, त्यात ते निळं अंतर्देशीय सापडलं आणि तुम्ही तारखा जुळवल्यात. आप्पा जम्मूकडच्या छांबच्या लढाईत मारला गेला ५ डिसेंबर १९७१ ला. पत्रावर तारीख ९ डिसेंबर. आत माझ्या अक्षरात, ‘आप्पाचे पत्र आले व तो खुशाल आहे.’ मागच्या बारशाला एकानं ‘म्हातारी पक्की होती’ म्हणून हसून घेतलं. मी ताटावरून उठले नाही, एवढंच.

तर ऐका. आजीचे तीन मुलगे: माझे वडील मुंबईत गिरणीत, तात्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत, आप्पा तोफखान्यात. तात्यांचा पत्ता ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, आप्पाचा ५६ एपीओ. पूर्व की पश्चिम एवढं त्यावरून कळायचं, गाव नाही. तिघे भाऊ एकमेकांना क्वचितच लिहीत. लिहायचे ते आजीला, आणि एकाची खबर दुसऱ्याला आजीकडून जायची. म्हणजे माझ्याकडून. आजीचा अंगठा, मी सातवीत. ती बोलायची, ‘म्हशीला रेडी झाली, विहिरीला पाणी हाय’, आणि मी ‘इकडील सर्व क्षेम’ करून लिहायची. लिहून झालं की ती म्हणायची, ‘वाच आता.’ वाचून दाखवल्याशिवाय पत्र कधी चिकटवलं नाही.

डिसेंबर लागला आणि तीन तारखेला लढाई सुरू झाली. आप्पाचं पत्र दिवाळीनंतर आलेलं नव्हतं. तात्यांच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ तीच: आप्पाचे पत्र आले का ते कळवणे.

नऊ तारखेला आजी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, मी उंबऱ्यावर. ती म्हणाली, ‘लिव, आप्पाचं पत्र न्हाई आलं आजून. पर बरा आसंल.’ आणि मी लिहिलं, आप्पाचे पत्र आले व तो खुशाल आहे. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकलं होतं की छांबमध्ये आपल्या तुकड्या मनावर तवी नदीच्या अलीकडे मागे आल्या. माघार म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं. मागे म्हणजे लढाईपासून लांब, असं माझं गणित. म्हणून पुढं जोडलं, ‘तो आता लढाईच्या जागेपासून मागे आहे, काळजी नसावी.’

आजी म्हणाली, वाच. मी वाचलं. कागदावरचं नाही, तिनं सांगितलेलं. ‘आप्पाचे पत्र अजून आले नाही, परंतु बरा असेल.’ एकही शब्द अडखळला नाही. तिनं हात पिठात ठेवूनच मान डोलावली. टपालावर तेव्हा पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लागायचं. ते मीच चिकटवलं आणि पत्र पेटीत टाकून आले.

मंगळवारी, चौदा तारखेला, तार आली. ते तुम्हाला माहीत आहे.

जे तुम्हाला कुणी सांगितलं नाही ते असं. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची गोष्ट तुमच्या तोंडपाठ आहे, तात्यांची पलटण तिथंच होती: आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि पाकिस्तानी कर्नलनं उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. तात्या ती गोष्ट रंगवून सांगायचे. पण त्याच दिवसांत माझं पत्र टपालात होतं. त्यांना ते मिळालं लढाई थांबल्यावर, ढाक्याच्या बाजूला, आणि त्याच गठ्ठ्यात वडिलांनी मुंबईहून पाठवलेलं आप्पा गेल्याचं पत्र. दोन्ही घरचीच पत्रं. तात्यांनी आजीच्या पत्रावर विश्वास ठेवला. नावात घोटाळा झाला असेल, फौजेत एका नावाचे चार असतात, असं धरून चालले.

जानेवारीत रजेवर आले. दारात होल्डॉल टाकला, बूटही काढले नाहीत. ‘आई, आप्पाचं पत्र दाव.’

आजी म्हणाली, ‘कसलं पत्र?’

तात्यांनी खिशातून अंतर्देशीय काढलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. आजी माझ्याकडं बघत राहिली. मी दाराच्या कडीकडं. किती वेळ गेला सांगता येत नाही, गोठ्यात रेडी ओरडत होती. मग आजी तात्यांना म्हणाली, ‘मीच सांगितलं हुतं लिवाया. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून.’ तात्या ओसरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एका नाडीची गाठ बराच वेळ सुटली नाही.

आजी त्यावर माझ्याशी कधीही बोलली नाही, १९८८ मध्ये गेली तोवर. पुढची पत्रंही माझ्याकडूनच लिहून घेतली. फक्त ‘वाच’ म्हणायचं तिनं सोडलं. तो विश्वास होता की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पन्नास वर्षं ‘आजीनं सांगितलं’ हेच सांगत आले, तिचं वाक्य पुढं चालवलं. कधी मनात म्हणायचे, बारा वर्षांची पोर, तिला काय कळतंय. पण वाचताना दुसरंच वाचायचं हे त्या पोरीला नीट कळत होतं. कधी म्हणायचे, तात्यांना महिनाभर आशा तरी मिळाली. ते मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही. ते होते २०१९ पर्यंत. विचारता आलं असतं. आजही वाटतं की नव्यानं ती वेळ आली तर मी तेच लिहीन, आणि पुढच्या क्षणी वाटतं, लिहिणार नाही.

ते पत्र आता तुमच्याकडं आहे, फ्रेम करायचं म्हणता आहात. खुशाल करा. त्याआधी ‘आले’च्या पुढचं अक्षर भिंगातून बघा. तो ‘व’ सुरुवातीला ‘न’ होता. गाठीपासून रेघ वळवून तो बंद केलाय, आणि तिथं शाई थोडी फुटलीय.