बॅटरी उतरण्याआधी वाजणारा अलार्म

घरगुती इन्व्हर्टर ‘बॅटरी लो’ अशी शिट्टी देतो तेव्हा बॅटरीत वापरण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, आणि बहुतेक इन्व्हर्टर साधारण १०.५ व्होल्टला, म्हणजे प्रत्येक सेल १.७५ व्होल्टपर्यंत खाली आल्यावर, पुरवठा तोडतात. शिट्टी त्याच्या थोडीशीच आधी वाजते. तिथवर बॅटरी कधीमधी उतरली तर बिघडत नाही, पण पावसाळ्यात दर दोन दिवसांनी तशीच उतरत राहिली, आणि पुन्हा पूर्ण भरायला लाइटही पुरेशी मिळाली नाही, तर प्लेटांवर साचलेले लेड सल्फेट घट्ट होत जाते आणि पाच वर्षे चालणारी बॅटरी अडीच-तीन वर्षांत बसते. म्हणून आपल्या सोयीच्या आकड्याला वाजणारा वेगळा व्होल्टेज मॉनिटर बसवावा, असे माझे ठाम मत आहे. त्याला काही शे रुपये लागतात, बॅटरीला त्याच्या कित्येक पट.

आमच्या दापोली तालुक्यात याची गरज पटवून द्यावी लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळ नसलेल्या वर्षीही जून ते सप्टेंबर तारेवर फांदी पडणे हे नित्याचेच आहे, आणि गेलेली लाइट तासाभरात येईल की दुसऱ्या दिवशी, हे कोणी सांगू शकत नाही. अशा ठिकाणी बॅटरी किती शिल्लक आहे हे कळणे महत्त्वाचे असतेच. पण ते हातात काही करण्याजोगे असताना कळणे अधिक महत्त्वाचे असते.

मॉनिटर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. आकडा दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत दिसावा. खालची आणि वरची, अशा दोन्ही मर्यादा आपल्याला ठरवता याव्यात. आणि मर्यादा ओलांडल्यावर किती सेकंदांनी बझर वाजावा, तेही ठरवता यावे. बॅटरीचे चित्र आणि चार-पाच रेघा दाखवणारे मीटर मी घेत नाही, कारण त्या रेघा कोणत्या जातीच्या बॅटरीसाठी आखल्या आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. नवा मीटर बसवण्यापूर्वी चांगल्या मल्टिमीटरशी ताडून पाहणे आवश्यक आहे. स्वस्त मीटरमध्ये एक टक्क्याची चूक सर्रास असते, म्हणजे बारा व्होल्टला ०.१२ व्होल्ट. ऐकायला ते किरकोळ वाटते. परंतु पूर्ण भरलेली आणि निम्मी उतरलेली बॅटरी यांच्यात, दोन्ही स्थिर (चार्जिंग आणि लोड नसलेल्या) असताना, फरकच मुळी चार-पाच दशांश व्होल्टचा असतो. काही मीटरांच्या पाठीवर बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून आकडा जुळवता येतो. तशी सोय नसेल तर किती फरक पडतो ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मीटरलाच चिकटवावे.

बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते तार कुठून घ्यायची याकडे. वायरमन सवयीने ती इन्व्हर्टरच्या मागच्या टर्मिनलवरून घेतात, कारण तिथे हात सहज पोचतो. पण सहाशे वॅटचा लोड असताना बॅटरीतून साठेक अँपिअर वाहत असतात, आणि केबल व सांधे मिळून पाच मिलिओहम रोध असला तरी वाटेत तीन दशांश व्होल्ट गळतात. मग मीटर बॅटरीपेक्षा तेवढा कमी आकडा दाखवत राहतो. त्यामुळे मॉनिटरच्या दोन्ही तारा थेट बॅटरीच्या टर्मिनलवरच, स्वतंत्र लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवून जोडाव्यात. मॉनिटरला लागणारा प्रवाह अगदी नगण्य असल्याने पाऊण चौरस मिलिमीटरची तार पुष्कळ होते, आणि त्यामुळेच पडवीतल्या बॅटरीचा आकडा माजघराच्या भिंतीवर आणता येतो, जिथे तो घरातल्यांच्या नजरेस पडतो.

पॉझिटिव्हच्या तारेत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, एक अँपिअरचा फ्यूज हवाच. दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर देऊ शकते. फ्यूज नसेल आणि तार कुठे चेमटली, तर ती क्षणात लाल होईल. काम सुरू करण्यापूर्वी इन्व्हर्टर आणि त्याचा मेन, दोन्ही बंद करावेत, दार-खिडकी उघडी ठेवावी, आणि हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी ठिणगीने तो पेट घेऊ शकतो, म्हणून चार्जिंग थांबवल्यानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावा. सोडताना आधी निगेटिव्ह सोडावा आणि जोडताना तो शेवटी जोडावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने पुसावी, मात्र ते पाणी सेलच्या आत जाता कामा नये. नट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. फ्यूज होल्डरमध्ये बसवण्याचे काम अगदी अखेरीस ठेवावे.

आता आकड्यांकडे येतो. इंटरनेटवर ‘१२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी’ असा तक्ता जागोजागी सापडतो. तो मोटारीच्या बॅटरीचा असतो. शिसे-आम्ल बॅटरीच्या एका सेलचा स्थिर व्होल्टेज म्हणजे ढोबळमानाने अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत तिची घनता) अधिक ०.८४. मोटारीच्या बॅटरीत ग्रॅव्हिटी १.२८च्या जवळपास असते, त्यावरून सहा सेलचे १२.७ व्होल्ट होतात. आपल्याकडच्या उंच ट्युब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटरीत उष्ण हवामानाचा विचार करून ग्रॅव्हिटी १.२४०च्या आसपास ठेवतात, म्हणून ती काठोकाठ भरली तरी स्थिर अवस्थेत १२.५ व्होल्टच दाखवते. परक्या तक्त्यावरून ‘बॅटरी कधी भरतच नाही’ असा समज करून घेऊन चांगली बॅटरी बदलणारी माणसे आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्थिर अवस्था म्हणजे चार्जिंगही नाही आणि लोडही नाही, अशी काही तासांची विश्रांती. चार्जर बंद केल्या केल्या दिसणारे १३ व्होल्ट खरे मानू नयेत.

लोड चालू असताना आकडा याहून खाली असतो आणि अलार्म वाजायचा असतो तोही लोड चालू असतानाच. आमच्याकडे लाइट गेल्यावर नऊ वॅटचे चार दिवे आणि सत्तर वॅटचे दोन पंखे चालतात, म्हणजे पावणेदोनशे वॅट. इन्व्हर्टरची स्वतःची घट धरून बॅटरीतून सुमारे अठरा अँपिअर जातात, आणि एवढ्या लोडला व्होल्टेज दोन-तीन दशांशाने दबतो. निम्मी उतरलेली ट्युब्युलर बॅटरी स्थिर असताना १२.१च्या आसपास असते, त्यामुळे खालचा अलार्म मी ११.६ला लावला आहे. तो वाजतो तेव्हा बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त उतरलेली असते आणि रात्र काढण्यापुरती शिल्लक असते. मग एक पंखा आणि दोन दिवे बंद होतात. (पुढे जुने पंखे काढून तीस वॅटच्या आत चालणारे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे बसवले, बॅटरी वाढवण्यापेक्षा तो खर्च कितीतरी शहाणपणाचा.) ज्यांचा लोड जास्त आहे, त्यांनी अलार्म थोडा खाली, ११.४च्या सुमारास ठेवावा.

अलार्म वाजण्याआधीचा विलंब तीस सेकंदांचा ठेवावा. मिक्सर किंवा फ्रिज सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतो आणि लगेच सावरतो. विलंब नसला तर अशा प्रत्येक वेळी बझर किंचाळतो, आणि उगाच वाजणाऱ्या बझरची तार घरातले कोणीतरी दोन दिवसांत उपटून टाकते. विलंबाइतकेच महत्त्वाचे म्हणजे, वाजून थांबल्यावर तो पुन्हा कधी सज्ज व्हावा, हा आकडा, तो १२.४ ते १२.५ ठेवला तर लोड कमी केल्याने व्होल्टेज जरासा वर येऊन बझरचे वाज-थांब सुरू होत नाही.

वरच्या अलार्मकडे लोक दुर्लक्ष करतात. चार्जिंग होताना १४.४ व्होल्टपर्यंत जाणे योग्यच आहे. चार्जर बिघडून व्होल्टेज त्याच्या फार वर राहिला तर मात्र बॅटरीतले पाणी वायू होऊन उडते, प्लेटा उघड्या पडतात आणि हायड्रोजन वाढतो. मी ही मर्यादा १५.० ठेवली आहे. काही इन्व्हर्टर अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने समतोल चार्जिंग करतात, तेव्हा सोबतची पुस्तिका वाचूनच हा आकडा ठरवावा.

मॉनिटरचा खरा उपयोग मला काही महिन्यांनी उमगू लागला. लाइट गेल्यापासून अलार्म वाजेपर्यंतचा वेळ लोड तोच असताना कमी कमी होऊ लागला, की हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी मोजायचे साधन) काढावा. पाच सेल १.२३०च्या पुढे आणि एकच १.१८०वर असेल, तर दोष कुठे आहे ते कळले. पूर्ण चार्जिंगनंतरही स्थिर व्होल्टेज १०.५च्या जवळ थांबत असेल, तर एक सेल आतून शॉर्ट झाला आहे, आणि डिस्टिल्ड वॉटर ओतून त्यावर इलाज होणार नाही. दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतील तर प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र मॉनिटर लावावा: एकत्र २२ व्होल्ट दिसताना एक १२वर आणि दुसरी १०वर असू शकते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ एकाच आकड्याला टिकून शेवटी एकदम कोसळतो. तिथे आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा शंट मीटरच घ्यावा.

कोकणात चाकरमान्यांची घरे गणपती ते शिमगा बंदच असतात, त्यांच्यासाठी एक सूचना. मॉनिटर वीस मिलिअँपिअर घेत असेल तर महिन्याला चौदा अँपिअर-तास तोच खातो, म्हणजे दीडशेच्या बॅटरीचा जवळजवळ दहावा भाग. त्याच्या तारेत एक बटण ठेवावे. घर बंद करून मेन पाडण्याआधी बॅटरी पूर्ण भरावी, पाण्याची पातळी पाहावी, इन्व्हर्टर पुढच्या स्विचने बंद करावा, मॉनिटरचे बटण बंद करावे आणि निगेटिव्ह केबल सोडून ठेवावी. तरीही दोन महिन्यांनी बॅटरीला एकदा चार्जिंग लागतेच. त्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवताना केबल जोडण्याचा क्रम कागदावर लिहून इन्व्हर्टरवरच लावून ठेवावा.