52 कोअरची वाट बघण्याआधी

नोव्हा लेक हा नवा प्रोसेसर 2026 च्या अखेरीस येणार असं इंटेलने सांगितलं आणि 52 कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आकडा सगळीकडे फिरू लागला. तो चर्चेतला आकडा आहे, कंपनीच्या तक्त्यातला नाही. एएमडीच्या पुढच्या झेन 6 प्रोसेसरबद्दलही 24 कोअरची बोलवा आहे. एएमडीचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर 2019 च्या 3950एक्सपासून 16 कोअरवरच थांबलाय, त्यामुळे उत्सुकता रास्तच. पण लातूर-नांदेडच्या स्टुडिओत किंवा टॅलीच्या ऑफिसात त्यापायी खरेदी अडवून ठेवू नका.

समजा, कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागतो. मग 16 कोअर वेग 6.4 पट करतात, 52 कोअर जेमतेम 8.5 पट. नोंदी, बिलं, फोटोशॉपमधली बरीच कामं एक-दोन कोअरवरच चालतात. तिथे एएमडीचा 6 कोअरचा 9600एक्स भरपूर झाला. ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमधलं रेंडरिंग (अंतिम चित्र तयार करणं) मात्र मिळतील तेवढे कोअर खातं. शिवाय कोअर-कोअरमध्ये फरक असतो: इंटेलच्या 285के मधल्या 24 पैकी 8 मोठे, 16 छोटे आणि थ्रेडही (एकाच वेळी चालणारी कामं) 24 च. एएमडीच्या 9950एक्सचे 16 कोअर सारखे, थ्रेड 32.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाचा आणि लाइटीचा. 9950एक्सवर 170 वॅट लिहिलेलं असलं तरी तो 230 पर्यंत ओढतो, 285के 250 पर्यंत. मे महिन्यात परभणीत पारा 42 च्या वर जातो, तेव्हा कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच तापलेली असते. रायझन (एएमडीचे हे प्रोसेसर) 95 अंशांना टेकला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे पैसे मोजलेले कोअर दुपारी अर्धवट चालतात. बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेची सेटिंग, 105 वॅटवर ठेवा; प्रत्यक्ष ओढ 142 वॅटवर थांबते आणि वेग फारसा घटत नाही. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटचा असतो. असा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून त्याच्या आवाक्याबाहेर जातात आणि लाइट गेली की रेंडरसकट सगळंच बंद पडतं.

पुढचा प्रोसेसर नंतर टाकायचा विचार असेल तर मदरबोर्ड नीट निवडा. एएम5 सॉकेटला (प्रोसेसर बसवायच्या सध्याच्या खाचेला) 2027 आणि त्यानंतरही साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. नव्या प्रोसेसरसाठी बायोसही नवा लागतो, म्हणून बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवंच: फाइल फॅट32 पेनड्राइव्हवर, बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या नावाने, ठरलेल्या पोर्टमध्ये लावायची, प्रोसेसर नसला तरी बायोस बदलतो. हे काम यूपीएसवरच करा, मध्येच लाइट गेली तर बायोस अर्धवट राहतो.

रॅम दोनच पट्ट्यांत घ्या, 16 जीबीच्या दोन किंवा 32 जीबीच्या दोन. चार लावल्या की रायझन 9000 वर रॅमचा अधिकृत वेग 5600 वरून 3600 एमटी/सेकंदवर येतो, आणि कोअर जास्त असले की ही चणचण आणखी जाणवते. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. तेव्हा मेमरीची जुळणी चाललेली असते. बोर्ड गेला समजून प्लग काढू नका.